मध्यंतरानंतर किती मिनिटं

९ जानेवारी २०२५

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं, आठ दिवसांनी. आधी हंडे भरले, मग दोन्ही ड्रम, मग बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा. हे नळी धरून ओट्यावर उभे आणि मी आतून ओरडतेय — भरला, भरला, काढा! काढेपर्यंत निम्मा ओटा भिजला. मग भाकरी थापल्या. सहा. ठेचा वाटला, त्यात मिरच्या जास्त पडल्या. "भामा, आज जीव घेती का काय?" म्हणाले. हसत म्हणाले. मीही हसले. मग इस्त्रीचा शर्ट काढून दिला, पांढरा, निळ्या बारीक रेघांचा. बाराला कुलूप लावून निघालो.

एवढं सगळं आठवतं. भाकरी किती ते आठवतं. आणि जे आठवायला पाहिजे नेमकं तेच आठवत नाही!

आज सोनिया स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अहो आई, तुमचा तो पिक्चर टीव्हीवर आलाय. आता कधीपण बघता येतो. लावू का दुपारी?" सून चांगली आहे, मनात काही नव्हतं तिच्या. माझे हात पिठात होते. नको म्हणाले. तासाभरानं मीच तिला जाऊन म्हटलं, उद्या लाव.

माझ्या मुलानं, गोकुळनं, ह्यांना तपासणाऱ्या डॉक्टरवर केस केलीय; त्याचे वकील म्हणतात, काकू, त्या दिवसाचं जे जे आठवेल ते लिहून काढा. म्हणून ही वही. पण ही त्यांना दाखवायची नाही.

तारीख १४ डिसेंबर २०२३. सिनेमा सुटला पावणेचारला. सव्वापाचला हे गेले. सगळ्यांना माहीत आहे की सिनेमा सुटल्यावर मॉलच्या सरकत्या जिन्यावर ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. मीच सांगितलंय तसं. वर्षभर सांगतेय. भेटायला येईल त्याला सांगितलं.

जिन्यावर नव्हतं लागलं. आत लागलं होतं. पडद्यावर काहीतरी चालू असताना ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "लई जळजळतंय गं. निघू का?" आणि मी म्हणाले, "बसा जरा. आता कळंल ही खरी कुणाची हाय ते."

बसले.

पडद्यावर काय चालू होतं? ते कळलं तर किती वेळ बसवलं तेही कळेल.

१० जानेवारी

जेवणं झाल्यावर सोनियानं लावून दिला. 'इस्तंबूल का दामाद'. नावाची पाटी आली तेव्हाच उठावंसं वाटलं, तरी बसले.

एक आपला गुप्तहेर आहे. त्याला इस्तंबूलला पाठवतात. तिथं एक म्हातारा गालिचे विकतो. त्याच्या एका गालिच्यात सगळ्या फितूर माणसांची नावं विणलेली आहेत, गाठींमध्ये! (आपले हिमरू शाली विणणारे ऐकतील तर हसतील.) तो गालिचा मिळवायचा म्हणून हा त्या म्हाताऱ्याच्या पुतणीशी लग्न ठरवतो. खोटं खोटं. पण पुतणी खरी पुतणी नाहीच. तीही गुप्तहेर, त्याच गालिच्यासाठी पुतणी होऊन राहिलेली. ह्याला तिचं माहीत आहे. तिला ह्याचं माहीत आहे. पण आपलं समोरच्याला माहीत आहे हे दोघांनाही माहीत नाही. मग त्यांचं खरंच जमतं. गाणं होतं. मग गालिचे एकाचे तीन निघतात. मग म्हातारा बोटीच्या स्फोटात मरतो. मग मध्यंतर.

इथपर्यंत मला समजलं. इथपर्यंत त्या दिवशीही समजलं होतं.

पुढं बघवलं नाही. "बंद कर गं." सोनियाला वाटलं रडू आलं. पाणी आणून दिलं. रडू नव्हतं आलं. भीती वाटली होती.

११ जानेवारी

चार वेळा वही उघडली. चारही वेळा मिटली.

१३ जानेवारी

काल रविवार, म्हणून मंदार वकील घरी आले होते. तरुण आहेत, गोकुळच्याच वयाचे. सोनियानं पोहे केले. ते खातखातच कागद काढले. माझं शपथपत्र. नोटरीसमोर सही करायची, शुक्रवारी चोवीस तारखेला.

मला म्हणाले, "काकू, फक्त शेवटच्या पानावर सही लागेल, मी खूण करून देतो."

गोकुळ हसला. "ती अशी सही नाही करणार. तिला रेशनचा फॉर्मसुद्धा अख्खा वाचायला लागतो."

खरं आहे ते. दुसरीतून शाळा सुटली माझी. वाचायला शिकले ती लग्नानंतर, ह्यांच्या पिशवीतून. हे एसटीत कंडक्टर. सोयगावच्या गाडीवर असायचे, कधी सिल्लोडच्या. प्रवासी पेपर टाकून जायचे सीटवर, कधी मासिक, कधी पानं सुटलेली कादंबरी. ते हे घरी आणायचे. आधी मोठी अक्षरं, मग बारीक. कुणी शिकवलं नाही. अडलं की ह्यांना विचारायची, ह्यांना झोप आलेली असायची. मग एका वर्षानं उलटं झालं. मीच ह्यांना वाचून दाखवायला लागले. कादंबरीची शेवटची पानं नसायचीच कितीदा तरी. मग शेवट मी मनानं सांगायची. "हे लिहिलंय, का तुझं?" म्हणायचे. कधी कळायचं, कधी नाही.

तर कागद वाचला. सगळा. पान दोन:

'माझे पती धोंडिबा यांना दुपारी ३.५० वाजण्याच्या सुमारास जिना उतरताना प्रथमच छातीत दुखू लागले. तत्पूर्वी त्यांना कोणताही त्रास नव्हता. मी त्यांना विनाविलंब रुग्णालयात नेले.'

प्रथमच. विनाविलंब. दोन्ही शब्दांवर बोट ठेवून बसले.

"काही चुकलंय का, काकू?"

"वेळ बघते मी. आठवून सांगते."

गोकुळचं तोंड लगेच लाल झालं. "त्यात काय आठवायचं? तू तर तिथं होतीस. चार वाजता पोचलात. चार दहाला ईसीजीची पट्टी काढली. आणि मग त्या बाईनं काय केलं? काहीच नाही! पंचेचाळीस मिनिटं झोपवून ठेवलं अण्णांना. पंचेचाळीस मिनिटं, आई!"

ती बाई म्हणजे डॉक्टर मनस्विनी. मॉलच्या मागच्या गल्लीत तिचा चार खाटांचा दवाखाना आहे. पोरच आहे, तिशीची असेल. हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या दारात आली होती. गोकुळनं तिला चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. "चालत्या व्हा इथनं," म्हणाला. ती माझ्याकडं बघत होती. मी खाली बघितलं.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या सुलेखाबाई तीळगूळ घेऊन आल्या. हळदीकुंकवाला आता मला कुणी बोलवत नाही, पण त्या आधी माझ्याकडं येतात, मग बाकीच्यांकडं जातात. आल्या की अर्धं पुंडलिकनगर सांगून जातात.

आज म्हणाल्या, "ती तुमची डॉक्टरीण, तिच्याकडं काळं कुत्रं पण जाईना आता. गोकुळनं तिच्याबद्दल ते मोबाइलवर टाकलं ना, तेव्हापासून. माझी भाची तिथं नर्स होती, तिला दोन महिने झाले, दुसरीकडं बघ म्हणून सांगितलं. निकाल उलटा लागला तर पाटीच उतरवणार म्हणे."

मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी तीळगुळाची वडी पुढं केली. "असू द्या ताई. देव बघतो."

देव बघतो! वडी तोंडात घोळत राहिली. 

१६ जानेवारी

आज मध्यंतरानंतरचा बघितला. अख्खा. गोकुळ कंपनीत पहिल्या शिफ्टला असतो, साडेतीनपर्यंत घरी येत नाही, म्हणून दुपारीच बघायचा.

अवघड आहे बाई. कोण कुणाच्या बाजूनं तेच कळत नाही. मेलेला म्हातारा मेलेलाच नाही. तो परत येतो आणि तोच सगळ्या फितुरांचा म्होरक्या निघतो. मग नायकाचा साहेब दिल्लीहून येतो, तो त्या म्हाताऱ्याचा माणूस. मग ती पुतणी साहेबाची माणूस निघते. मग निघत नाही, ते तिनं नाटक केलेलं. नाटक केलेलं हे नायकाला माहीत होतं, पण माहीत असल्याचं त्यानं नाटक केलं नव्हतं, म्हणजे तेच नाटक होतं. सोनिया म्हणाली, "आई, मला पण नाही कळलं. हे लिहिणाऱ्याला तरी कळलं असंल का?" दोघी हसलो. 

पण माझं कोडं वेगळं आहे. "आता कळंल ही खरी कुणाची" असं मी म्हणाले, म्हणजे पुतणीवर संशय असतानाच म्हणाले असणार. आता ती नायकावर पिस्तूल रोखते तीनदा! एकदा मध्यंतरानंतर लगेच, म्हाताऱ्याच्या दुकानात. एकदा पुलावर. एकदा शेवटी, लग्नाच्या मांडवात, गालिच्यावर उभी राहून. आणि तीनही वेळा वाटतं की आता कळेल.

शेवटचं असेल तर दहा मिनिटं. पुलावरचं असेल तर पस्तीस. दुकानातलं असेल तर —

शेवटचं असू दे. मी दुपारभर तेच म्हणत होते. देवा, मांडवातलं असू दे.

गालिचा शेवटी जळतो. नावं कुणालाच मिळत नाहीत. मग एवढं सगळं कशासाठी केलं?

१७ जानेवारी

हे अजून कुठंच लिहिलं नाही. डॉक्टरनं मला विचारलं होतं, "किती वेळ झाला दुखायला लागून?" मी म्हणाले, "दहा मिनिटं. आत्ताच."

१८ जानेवारी

काल एवढंच लिहून वही मिटली. आज पुरतं लिहिते.

ह्यांना खाटेवर झोपवलेलं. शर्टाची बटणं काढलेली, छातीवर त्या वायरी. दवाखान्यात आणखी दोघं-तिघं बसलेले. मॉलचा एक वॉचमन आला होता आमच्याबरोबर. सगळे माझ्याकडं बघत होते. डॉक्टर घाईत नव्हती, शांत होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारत होती. आणि मला लाज वाटली. नवऱ्याच्या छातीत दुखतंय आणि ही बाई सिनेमा बघत बसली, असं ह्या लोकांना वाटेल! तेवढ्या वेळात हेच आलं डोक्यात. दुसरं काही आलं नाही.

"दहा मिनिटं."

डॉक्टर म्हणाली, "मग एवढ्यात पट्टीत दिसेलच असं नाही. आत्ता तरी ठीक दिसतेय. अर्ध्या तासानं परत काढू, तोवर गोळी देते." ती थांबली ती माझ्या शब्दावर थांबली. दुसरी पट्टी काढली तेव्हा तिचा चेहरा बदलला. स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये चढली. सगळ्या वाटेनं ह्यांची छाती दाबत होती, घामानं निथळत होती. मोठ्या हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तरी हात काढत नव्हती. तिथल्या माणसानं तिला बाजूला केलं.

खरी वेळ सांगितली असती तर तिनं आधीच पुढं पाठवलं असतं का? मला माहीत नाही. वाचले असते का? तेही माहीत नाही. पण तिला माहीत असायला पाहिजे होतं, आणि मी ते दिलं नाही.

१९ जानेवारी

सापडलं.

सकाळी वांगी चिरत होते. काही विचारसुद्धा करत नव्हते. एकदम ह्यांचा आवाज आठवला, कानाशी, अंधारातला, "आत्ता गं? हा तर मेला होता ना मघाशी!" आणि लगेच पुढचं, त्याच श्वासात, "लई जळजळतंय गं."

म्हातारा. बोटीत मेलेला म्हातारा परत आला तेव्हा!

सोनियाला हाक मारली. "लाव गं तो पिक्चर. मध्यंतरापासून." तिनं काही विचारलं नाही, पदराला हात पुसून लावला. मध्यंतर झालं. दुकानाचं शटर वर जातं. पुतणी पिस्तूल घेऊन उभी. नायक हात वर करतो. आणि मागं गालिच्यांच्या ढिगामागून म्हातारा येतो, खोकत.

"थांबव!"

थांबवला. म्हातारा तसाच, तोंड उघडं. खाली आकडे येतात. सोनियानं वाचले, "एक तास चोवीस मिनिटं."

"आणि संपतो कधी?"

"दोन तास एकतीस."

मी पाटावरच्या वांग्यांकडं बघत हिशेब केला. सदुसष्ट. समोसा खाऊन जागेवर येऊन बसलो आणि दोनच मिनिटांत ह्यांना दुखायला लागलं. सदुसष्ट मिनिटं हे माझ्या शेजारी बसून होते. पूल झाला, मांडव झाला, गालिचा जळला, शेवटची नावंसुद्धा वर सरकत गेली.

मधे एकदाही परत म्हणाले नाहीत. मी एकदाही वळून विचारलं नाही.

"आई, हे कशाला बघायचं होतं?" सोनियानं विचारलं.

"असंच."

तिनं टीव्ही बंद केला. मग वांगी घेऊन आत गेली.

२० जानेवारी

आणखी एक आहे. तेही लिहून टाकते, म्हणजे सगळं लिहिलं असं होईल.

मी "दहा मिनिटं" म्हणाले तेव्हा डॉक्टरनं ह्यांनाही विचारलं. "बाबा, बरोबर का? दहा मिनिटं?" हे माझ्याकडं बघत होते. एकतीस वर्षं वेळापत्रकावर गेलेला माणूस. घड्याळ न बघता सांगायचे, आता बारा वाजून वीस झाले, सिल्लोडची गाडी फुलंब्रीत असंल. कधी चुकायचे नाहीत.

म्हणाले, "व्हय. दहाच."

मला सांभाळून घेतलं. त्या खाटेवरून, त्या वायरींमधून मला सांभाळून घेतलं! मी गेलं वर्षभर ते आठवू दिलं नाही स्वतःला.

२२ जानेवारी

आज सांगायचं म्हणून सकाळी साडेपाचला उठले. गोकुळची बस सव्वासहाला येते. चहा टाकला. तो बूट घालत होता.

"गोकुळ, त्या कागदाचं जरा बोलायचंय."

"शुक्रवारी मी सुट्टी टाकलीय. तू टेन्शन घेऊ नको."

"वेळेचं आहे."

"आई." बुटाची नाडी तशीच धरून बसला. "परत परत तेच उगाळू नको ना यार. वेळ काय बदलणारे का आता?"

मी म्हणाले, "समजा, माझी चूक असली तर?"

आणि तो एकदम हसला. वाईट हसला. "तुझी? तू एकटी बाई त्यांना धरून दवाखान्यापर्यंत नेलंस, तुझी कशी? चूक कुणाची ते मला विचार. तीनदा फोन केलास तू मला. तीन मिस्ड कॉल. मी बघितले कधी? साडेपाचला. तेव्हा दुसरी शिफ्ट होती. मोबाइल लॉकरमध्ये. लाइनवर मोबाइल नेता येत नाही. मी तिथं स्क्रू घट्ट करत होतो, आई. अण्णा गेले तेव्हा मी स्क्रू घट्ट करत होतो."

मग डोळे पुसले, बाहीनं, लहानपणी पुसायचा तसे. म्हणाला, "कुणाची तरी चूक असलीच पाहिजे ना? माणूस असा उगाच कसा जाईल? मला नुकसानभरपाई नको, काही नको. त्या बाईला कळलं पाहिजे. बस."

बस आली. चहा तसाच राहिला.

मी सांगितलं तर तो त्या बाईला सोडेल. मग धरेल कुणाला? मला. मला धरलं तरी चालेल. पण तसं होणार नाही, तो पोरगा मला नाही धरणार, स्वतःलाच धरेल. त्याला हा राग हवाय, त्यावरच तो सकाळी उठतो.

आणि ती दुसरी पोर? तिलाही कुणी आई असेलच.

२३ जानेवारी

चपाती करपली. दूध उतू गेलं. सोनिया म्हणाली, "आई, तुम्ही बसा बरं." बसले. बसूनही काही होत नाही.

२४ जानेवारी

सही केली.

कोर्टाच्या बाहेर झाडाखाली टेबल. नोटरी वयस्कर होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी विचारलं, "वाचलं का मावशी?"

"वाचलं."

"समजलं?"

"समजलं."

"जे लिहिलंय ते खरं आहे?"

गोकुळ माझ्या मागं उभा होता. माझ्या खांद्यावर त्याचा हात होता. गरम.  ह्या एका दिवसासाठी वर्षभर धावलाय तो. मी म्हणाले, "व्हय."

प्रथमच. विनाविलंब. खाली माझं नाव, सत्यभामा, प्रत्येक अक्षर वेगळं, नीट. न वाचता मी कधी सही केली नाही याचा मला किती अभिमान! आज तर दोनदा वाचून केली.

येताना गोकुळनं उसाचा रस पाजला. किती दिवसांनी नीट बोलत होता. "आई, आता बघ. आता सुटलो आपण." मी रस सगळा प्यायले. तो खूश होता. कुणीतरी खूश होतं घरात, एवढ्या दिवसांनी.

सुटलो म्हणाला. मला काही सुटल्यासारखं वाटत नाही. दवाखान्यात दोन शब्द बोलले होते मी, घाबरून, लाजेनं. त्याला निदान घाईचं कारण होतं. आजच्याला काय कारण? आज बसून, चष्मा लावून, दोनदा वाचून.

हे माझ्यासाठी खोटं बोलले ते एकदा. दुसऱ्यांदा बोलले असते का? ही डॉक्टर दारातून परत जाताना बघितली असती तर?

२६ जानेवारी

काल सकाळी दहाला डॉक्टर मनस्विनींच्या दवाखान्यात गेले. माझ्या पुढं नंबरला कुणीच नव्हतं. आत गेले आणि सांगितलं — मध्यंतर संपल्यावर लगेच दुखायला लागलं होतं, सदुसष्ट मिनिटं मी त्यांना बसवून ठेवलं, आणि तुम्हाला दहा सांगितली. शुक्रवारी शपथेवरही खोटं लिहून दिलं.  मी कागद मागितला. सगळं माझ्या हातानं लिहिलं, तारीख घातली, सही केली, त्यांना दिला. मग वाळूजची बस धरली. तीनला गोकुळची शिफ्ट सुटली. त्याला कंपनीच्या गेटसमोर थांबवलं आणि तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं.